बिनतारी : खडकी ते कान

खडकीतलं दोन खोल्यांचं एक घर डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला मुलगा आत झोपलाय. बाहेरच्या खोलीत आजी टीव्हीवरची मालिका बघतायत, पण घरात आवाजाचा टिपूस नाही. आजींच्या कानांवर हेडफोन आहे आणि त्याला वायर नाही. असं दृश्य आता घरोघरी दिसतं. पण खडकीत ते दिसलं की मला गंमत वाटते, कारण ‘बिनतारी’ या शब्दाशी खडकीची ओळख फार जुनी आहे.

सप्टेंबर 1927 मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनींच्या ‘बीम’ पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. लघुलहरींचा झोत एकाच दिशेला सोडायचा, अशी ही युक्ती. संदेश पाठवणारं केंद्र होतं खडकीचं आणि तिकडून आलेले संदेश घेणारं केंद्र होतं दौंडला. दोन केंद्रं एकाच आवारात का नव्हती? ढोल वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून लांबची कुजबुज ऐकू येईल का? तसंच हे. खडकीच्या दणदणीत लहरींत सातासमुद्रापलीकडून आलेले क्षीण संदेश बुडून गेले असते. समुद्राखालच्या केबलशिवाय विलायतेला ‘तार’ जाऊ लागली. तारेशिवाय तार, हा विनोद आपल्या भाषेतच शक्य आहे!

त्याच वर्षी, 23 जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं. शक्ती अवघी दीड किलोवॉट. ते ऐकायचं स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. येणाऱ्या लहरींतल्या शक्तीवरच तो बोले. साहजिकच आवाज इतका बारीक, की कानाला हेडफोन लावल्याशिवाय ऐकूच येत नसे. म्हणजे पहा, मैलोगणती अंतर बिनतारी ओलांडून आलेलं गाणं शेवटच्या दोन हातांसाठी मात्र तारेतून जायचं. तेही एकट्यानेच ऐकायचं. हेडफोन मोठ्या वाडग्यात ठेवून चौघांनी भोवती कान टेकायचे, असाही उपाय परदेशात लोक करत.

पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ आले, लाउडस्पीकर आले आणि ऐकणं सगळ्या घराचं झालं. 1953 मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाली. 1973 मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला मुंबई दूरदर्शन दिसू लागलं. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग! काय ऐकायचं, किती मोठ्याने ऐकायचं, हे घरातला वडीलधारा ठरवी. अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि झोपमोड झालेल्या पाळीवाल्यांना कोणी विचारत नसे. त्या एकत्र ऐकण्याचे गोडवे गाताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

सरकारचंही या ऐकण्याकडे लक्ष असे. 1933 मध्ये बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा झाला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरलं. घरातल्या रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरल्याचं अनेक श्रोत्यांना आठवत असेल. योगायोग असा, की त्याच 1933 मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी टेलिफोनही सुरू झाला.

वायर काढून टाकलेले सुरुवातीचे बरेच हेडफोन अवरक्त किरणांवर चालत. हे किरण भिंतीतून जात नाहीत. चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलं की गाणं बंद! मग ब्लूटूथ आलं. दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या नावाचं हे तंत्र 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्या लहरींची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर. त्याच पट्ट्यात वाय-फाय असतं, मायक्रोवेव्ह ओव्हनही असतो. या गर्दीत धक्के लागू नयेत म्हणून हे यंत्र सेकंदाला सोळाशे वेळा मार्गिका बदलतं. भारतात 2005 मध्ये हा पट्टा ठरावीक शक्तीच्या यंत्रांसाठी घराबाहेरही परवानामुक्त झाला. आजींच्या कानावरचा हेडफोन लहरी घेतो, तशा सोडतोही. खडकी आणि दौंड दोन्ही तिथे एका नखाएवढ्या चिपमध्ये नांदतात, कारण घेणं आणि देणं ते आळीपाळीने करतात.

एक खोट मात्र आहे. आवाज दाबून लहान करायचा, पाठवायचा, पुन्हा उलगडायचा, यात क्षणाचा काही भाग जातो. काही टीव्हींवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गाण्याला ते चालतं, क्रिकेटला चालत नाही. फलंदाजाचा फटका दिसतो आणि टोला नंतर कानी पडतो. आजींची तक्रार मात्र वेगळीच असते. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात हेडफोनचं चार्जिंग संपतं. मग मुलाची झोप मोडू नये म्हणून त्या हळूच खोकं उघडतात आणि त्यातली जोडायची वायर शोधू लागतात.