मेणबत्ती, पेला आणि प्रश्नपत्रिका



प्रयोगांच्या द्वारें विज्ञान शिकविण्याचे जे यत्न आपल्या भागांत झाले, त्यांची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. मी कामठीचा एक निवृत्त शिक्षक. सारी हयात विज्ञान शिकविण्यांत गेली. म्हणून ही हकीकत सांगण्यापूर्वीं स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें मला प्राप्त आहे.

सातवीच्या वर्गांत एक सर्वपरिचित प्रयोग चालला होता. ताटलींतील पाण्यांत पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालावयाचा. ज्योत विझते, पेल्यांत पाणी चढतें, आणि हवेंत एकपंचमांश प्राणवायु आहे असें 'सिद्ध' होतें. प्रयोग चालला होता म्हणजे मी फळ्यावर कृति, निरीक्षण आणि अनुमान लिहून देत होतों. उपकरणांचें कपाट कुलुपांत होतें. कांच फुटली तर भरपाई कोणी करावयाची हा वाद नको, म्हणून त्याची किल्ली मी जपून ठेवीत असें.

दुसऱ्या दिवशीं एक मुलगा माझ्यापुढें येऊन उभा राहिला. "गुरुजी, मीं घरीं करून पाहिलें. एका मेणबत्तीनें पाणी थोडें चढलें, तीन लावल्या तेव्हां पुष्कळ चढलें. पेला तोच, मग प्राणवायु वाढला कसा?" मी म्हणालों, "पुस्तकांत आहे तेंच वहींत लिही. परीक्षेंत तेंच विचारतात." तो मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला. पुढें वर्षभर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं.

साधनें नव्हतीं, ही सबब मला सांगतां येणार नाहीं. आणि उदाहरणें नव्हतीं, हेंही खरें नव्हे. १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले व पुढच्याच वर्षीं त्यांनीं तेथें शाळा काढली. पेशानें हे पाद्री व शिक्षक. परंतु फिरावयास निघाले कीं वाटेवरचा दगड उचलून, फोडून पाहावयाचा, ही त्यांची संवय. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या आसमंतांतील खडक व जीवाश्म धुंडाळले आणि त्यांचें वर्णन लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध केलें. १८६३ सालीं टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला.

आमच्या गांवाचें नांव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत गेलें तें अशाच शोधकांच्या खटपटीनें. तेथें 'कामठी स्तर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वालुकाश्मांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सांपडतात. तसेच ठसे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेंही मिळतात. हे सर्व भूखंड एकेकाळीं जोडलेले होते, या सिद्धान्ताचा तो एक मोठा पुरावा आहे. मीं हें सारें तोंडीं सांगितलें. मुलांना दगडाच्या खाणीवर मात्र एकदांही नेलें नाहीं.

दुसरें उदाहरण वर्ध्याचें. ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षण-परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें हातच्या उद्योगाभोंवतीं सर्व विषय गुंफण्याची योजना आखली. मुलांच्या हातास काम देऊन बुद्धीस चालना द्यावी, हा विचार आमच्या दारापर्यंत आला होता.

तिसरें उदाहरण मला सर्वांत अधिक बोलतें करतें. १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं १६ शाळांत एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं तो हातीं घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ मदतीस आले. खेड्यांतील मुलें चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, जें दिसेल तें लिहीत, आणि मग वर्गांत त्यावर वाद घालीत. १९७८ त जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक वर्गांत हा क्रम लागू झाला; १९८२ त त्यासाठीं 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. मध्यप्रदेश सरकारनें २००२ सालीं तो बंद केला, तोपर्यंत तीस वर्षें तो चालला.

इतकीं वर्षें तो कशावर टिकला? माझ्या मतें त्याचें मर्म परीक्षेंत आहे. तेथें मुलांना परीक्षेस पुस्तक व वही बरोबर नेण्याची मुभा होती, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा घेतली जाई. पुस्तक समोर उघडें असतां पुस्तकांतलेंच विचारण्यांत अर्थ उरत नाहीं. मग विचार करावयास लावणारे प्रश्न काढावेच लागतात. माझें कपाट कांचेच्या भीतीनें बंद होतें हें खरें. पण तें उघडण्याची निकड कोणासच भासली नाहीं, कारण प्रश्नपत्रिकेला त्याची गरज नव्हती.

आतां त्या मुलाचें उत्तर. पेला पालथा घालतांना ज्योतीभोंवतालची हवा तापून प्रसरण पावलेली असते. थोडी बुडबुड्यांच्या रूपानें बाहेरही निसटते. ज्योत विझली कीं आंतली हवा निवून आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. मेणबत्त्या तीन, तर उष्णता अधिक, म्हणून पाणीही अधिक चढतें. सर्व प्राणवायु संपण्यापूर्वींच ज्योत मालवते. तेव्हां या प्रयोगानें प्राणवायूचें माप निघतच नाहीं. मुलाचें निरीक्षण बरोबर होतें. मला हें कळलें तेव्हां तो शाळा सोडून गेलेला होता.

आपल्या घरीं पेला आहे, ताटली आहे, मेणबत्तीही असेल. मुलांना एकदां एक आणि एकदां तीन मेणबत्त्या लावून पाहूं द्या. जवळ मात्र आपण बसा. पाणी पुस्तकांतल्याप्रमाणें चढलें नाहीं, तर जेथपर्यंत चढलें तेथेंच त्यांना खूण करावयास सांगा.