तळटीप १४ : फेगातो

१४. फेगातो : इटालियन शब्द, अर्थ यकृत. फ्रेंच ‘फ्वा’, स्पॅनिश ‘ईगादो’, पोर्तुगीज ‘फीगादु’ आणि रुमानियन ‘फिकात’ ही त्याची सख्खी भावंडे. या घराण्याचा मूळपुरुष मात्र अवयव नव्हे, चक्क अंजीर आहे.

लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. आपला ‘यकृत्’ हा त्याचाच सगोत्र. रोमन श्रीमंतांच्या मेजवान्यांत अंजीर चारून पोसलेल्या प्राण्याच्या यकृताला मोठा मान असे. इ.स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, सुकी अंजिरे चारून डुकरिणीचे यकृत वाढवण्याची युक्ती रोमन खवय्या मार्कुस आपिकियुसने काढली. अशा यकृताला ‘येकुर फिकातुम’ म्हणत. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर. ही शब्दजोडी ग्रीकवरून बेतलेली होती. बोलण्याच्या ओघात ‘येकुर’ गळाले आणि उरलेले विशेषणच नाम झाले. पुढे अंजिराचा संबंधही विसरला गेला आणि खाण्याच्या ताटातला हा शब्द माणसाच्या यकृतालाही लागू झाला. ग्रीकमध्येही तेच घडले : ‘सिको’ म्हणजे अंजीर, ‘सिकोती’ म्हणजे यकृत.

प्रस्तुत उताऱ्यात वैद्यकीय अर्थ घेऊ नये. ‘अवेरे फेगातो’ (शब्दशः, यकृत असणे) म्हणजे धमक असणे. मराठी वाचकाला येथे ‘वाघाचे काळीज’ आठवेल. फ्रेंच बोलभाषेत मात्र नेमके उलट आहे : तेथे ‘आव्वार ले फ्वा’ म्हणजे घाबरणे.