फॅसिझमचा अर्थ आणि वळिवड्याची छावणी

फॅसिझम हा शब्द ‘फाशो’ या इटालियन शब्दावरून आला. फाशो म्हणजे मोळी. प्राचीन रोममध्ये उच्चाधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या सेवकांच्या खांद्यावर कुऱ्हाड खोचलेली काठ्यांची मोळी असे. ती राजसत्तेची खूण होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतील शेतकरी-कामगारांच्या संघटनांनीही हेच नाव घेतले होते. त्याला आजचा अर्थ चिकटला तो पहिल्या महायुद्धानंतर.

युद्ध जिंकूनही अपेक्षेएवढा प्रदेश मिळाला नाही, ही सल इटलीत होती. त्यात महागाई, बेकारी, संप, आणि रशियासारखी क्रांती होईल ही धनिकांची धास्ती. पूर्वी समाजवादी वृत्तपत्राचा संपादक असलेल्या मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये आपली फॅसिस्ट संघटना स्थापली. काळ्या सदऱ्यांतील तिच्या टोळ्या कामगार संघटनांवर हल्ले करत. ऑक्टोबर १९२२ मध्ये या टोळ्या रोमवर चालून निघाल्या, तेव्हा राजाने मुसोलिनीलाच पंतप्रधान केले. १९२६ अखेर विरोधी पक्षांवर बंदी आली.

राष्ट्र व्यक्तीहून श्रेष्ठ, नेत्याचा शब्द अंतिम, हिंसा व युद्ध गौरवास्पद आणि लोकशाही, उदारमतवाद व साम्यवाद हे शत्रू, ही या विचारसरणीची सूत्रे. खासगी मालमत्ता तिने राखली, कामगार संघटनांचे स्वातंत्र्य मात्र काढून घेतले. १९३३ मध्ये जर्मनीत सत्तेवर आलेल्या नाझींनी वंशश्रेष्ठत्व हाच तिचा गाभा केला.

प्रत्येक हुकूमशाही मात्र फॅसिझम नव्हे. हा भेद कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या इतिहासात दिसतो. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून, तर १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्वेकडील लाखो पोलिशांना स्टालिनच्या राजवटीने सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली. त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे येऊन १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. म्हणजे फॅसिझमने पेटवलेल्या युद्धाने त्यांचा देश गेला. घरातून उपटले ते फॅसिझमच्या साम्यवादी वैऱ्याने.

छावणीत बहुतांश स्त्रिया, मुले व वृद्ध होते. अनेक घरांतील पुरुष पोलिश सैन्यात होते. याच सैन्याने १८ मे १९४४ रोजी इटलीत जर्मनांकडून मोंते कासिनो घेतले. मराठा पलटणीही त्या देशात लढत होत्या. छावणी १९४८ पर्यंत चालली. पुढे त्या जागी फाळणीत विस्थापित झालेले सिंधी आले आणि गांधीनगर वसले.