वाफेच्या इंजिनाचा सांभाळ



जुने देऊळ राखावे, किल्ल्याचा बुरूज ढासळू देऊ नये, हे आपल्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. पण जुने इंजिन राखावे असे म्हटले की माणसे हसतात. लोखंडच ते, वजनावर विकून मोकळे व्हावे, असा त्यांचा हिशेब. या हिशेबाने आपण पुष्कळ गमावले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. नावे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. पण हात लावून पाहावे असे त्यांतले एकही आज आपल्यापुढे उभे नाही. म्हणूनच बंगालमध्ये धावलेल्या एका इंजिनाची हकीकत आज सांगतो.

इंग्लंडातील लीड्स गावी किटसन, थॉम्प्सन आणि ह्युइटसन या कारखान्याने १८५५ साली हे इंजिन बांधले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला १८९५ मध्ये मिळाले. हावडा ते राणीगंज हलक्या टपालगाड्या ओढणे हे त्याचे पहिले काम. १८५७ च्या उठावात त्याने इंग्रजांची फौज वाहून नेली. पुढे बिहारात नवे रूळ टाकण्याच्या कामावर ते राबले आणि १९०९ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर, आणि १९४३ पासून चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत ते उभे होते.

चौथऱ्यावर चढवले म्हणजे इंजिन राखले, असा आपला समज असतो. वस्तुतः तेथूनच हानी सुरू होते. वाफेच्या इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये. आतल्या नळ्यांतून आगीचा धूर जातो, भोवती पाणी उकळते. आत ओल राहिली की पत्रा गंजून पातळ होतो आणि पत्र्यांना धरून ठेवणारे खिळे झिजतात. बाहेरून दरवर्षी रंग देता येतो. आतला गंज रंगाने जात नाही. अशा बॉयलरमध्ये पाणी भरून नेहमीपेक्षा अधिक दाबाने तो तपासल्यावाचून आग पेटवणे म्हणजे ड्रायव्हर आणि फायरमन यांच्या जिवाशी खेळ.

१९७२ मध्ये सरकारने या इंजिनाला राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्याला जागा मिळाली. मग मद्रासच्या पेरांबूर लोको कारखान्यात त्याची दुरुस्ती झाली आणि १९९७ मध्ये, तब्बल ८८ वर्षांनी, ते मुख्य मार्गावर धावले. दुसऱ्याच वर्षी गिनेस बुकात नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. मानपत्रे झाली, हारतुरे झाले. आणि २०११ मध्ये, राखण नसल्यासारखे उभे असता, चोरट्यांनी त्याचे भाग काढून नेले!

पितळ आणि तांबे भंगारात विकले जाते, म्हणून चोर येतो. हे समजण्यासारखे आहे. पण जगाने नावाजलेल्या वस्तूवर राखणदार नसावा, हे कसे समजून घ्यावे? मान कागदावर मिळतो. राखण माणसाने करायची असते, आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो.

पुन्हा पेरांबूरलाच जावे लागले. असा भाग दुकानात मिळत नाही. लाकडी साचा करायचा, ओतकाम करायचे, लेथवर कातायचे, मग सुताभर कमीजास्त पाहत बसवायचे. २०१२ मध्ये इंजिन पुन्हा वाफेवर आले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्ली–रेवाडी मार्गावर परत धावू लागले. काहीजण विचारतात, इतके भाग बदलल्यावर जुने काय राहिले? आमचे उत्तर असे की, ज्या हातांना ते भाग करता येतात, ते हात राहिले. लोखंड गंजले तर पुन्हा ओतता येते. बॉयलरवाला निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली पोरगा शिकलेला नसला, तर ती विद्या कुठल्या भट्टीत ओतणार?

फौज वाहणारे परक्या कंपनीचे इंजिन आपण का जपावे, असाही आक्षेप येतो. तो आम्ही टाळत नाही. ते खरे जरूर लिहावे, त्या इंजिनाशेजारच्या पाटीवरच लिहावे. पण त्याच पाटीवर आणखी एक गोष्ट यावी. याच हावड्यात १८६२ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुमारे १,२०० रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. शिकागोच्या हुतात्म्यांच्या चोवीस वर्षे आधी! इंजिनावर कारखानदाराचे नाव कोरलेले असते, कोळसा टाकणाऱ्याचे नसते. कंपनीचे हिशेब दप्तरात सापडतील. फायरमन कुठे उभा राहत होता, त्याच्या तोंडावर धग किती येत होती, हे मात्र इंजिन पाहूनच कळते. ते मोडीत निघाले की त्याच्या राबण्याचा शेवटचा पुरावाही मोडीत निघतो.

तेव्हा मागणी साधी आहे. राखलेल्या प्रत्येक इंजिनाच्या भागांची यादी असावी. त्यावर कायम नोकरीतला जबाबदार माणूस असावा. जुन्या कारागिराच्या हाताखाली दोन शिकाऊ तरी असावेत. आणि आपल्या गावच्या स्टेशनाबाहेर एखादे इंजिन उभे असेल, तर रंग केव्हा दिला एवढेच न विचारता, आत शेवटचे कुणी पाहिले, हे नागरिकांनी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.