बिजवर कर्वे

साथ सुटल्यावर पुरुषाने काय करायचं? परदेशात हा प्रश्न जास्तच बोचतो. दार लावून घेतलं की घरात बोलायला कुणी नसतं, आणि भारतातून येणाऱ्या फोनवर ठरलेला सल्ला असतो: "झालं ते झालं, आता दुसरं लग्न करून टाक."

तुमच्यापैकी कुणी सध्या यातून जात असेल, तर धोंडो केशव कर्व्यांची एक गोष्ट आठवून पाहा. आपण त्यांना शंभरी पार केलेले महर्षी म्हणून ओळखतो. पण 1891 साली ते तेहतीस वर्षांचे विधुर होते. चौदाव्या वर्षी लग्न करून घरात आणलेल्या राधाबाई गेल्या होत्या, आणि मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. वर्षअखेरीस त्यांनी मुंबई सोडली आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला सुरुवात केली.

त्या काळी बिजवराला मुलगी मिळायला अडचण नसे. तीही बहुधा दहा-बारा वर्षांची. पण त्याच वयात नवरा गेलेल्या ब्राह्मण मुलीच्या वाट्याला केशवपन आणि जन्मभराचं माजघर येई. दुःख दोघांचं सारखं, पण पुढची वाट फक्त पुरुषाला मोकळी. ही तफावत कर्व्यांनी स्वतःला लावून पाहिली आणि ठरवलं: लग्न केलं तर विधवेशीच.

11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. त्या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. मुरुडकरांनी जोडप्याला वाळीत टाकलं. आईच्या घरीही त्यांना उतरता येईना.

पुढचं काम या निर्णयातूनच वाढलं. 1896 साली विधवांसाठी आश्रम निघाला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या झोपडीत गेला. दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी हिंगण्यापर्यंत पायपीट, असा कर्व्यांचा क्रम होता. 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका आणि जपान फिरले. मग आफ्रिकेत गेले आणि आपल्यासारख्याच देश सोडून गेलेल्या लोकांकडून वर्गणी गोळा केली.

पण एवढ्यावर थांबू नका. आनंदीबाईंचं 'माझे पुराण' मिळालं तर जरूर वाचा. नवरा संस्थेला वाहून घेतो तेव्हा घरची ओढाताण कोण सोसतं, हे त्यात कळतं.

म्हणून एवढंच सांगेन. साथ सुटल्यावर नवं काम जरूर शोधा. पण आपल्यासारखंच दुःख असूनही जिची वाट बंद आहे, अशी व्यक्ती आसपास दिसते का तेही पाहा. आणि तुमच्या ध्येयाचा भार घरातलं कुणी मुकाट्याने उचलत असेल, तर त्या माणसाला आजच विचारा.