प्रेक्षकाची संमती आणि फसवणूक : ‘बेगम बर्वे’ व ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

मराठी संगीत रंगभूमी एका उघड्या भ्रमावर उभी होती. बालगंधर्व (१८८८-१९६७) पुरुष आहेत, हे तिकीट काढणारा प्रत्येकजण जाणून होता. तरीही ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी रंगमंचावर आली की तिच्या लुगड्याची व दागिन्यांची चर्चा घरोघरी होई. या भ्रमास प्रेक्षकाची संमती होती, म्हणून त्यास फसवणूक म्हणता येत नाही. प्रायोगिक रंगभूमीने ही संमतीच तपासावयास घेतली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’मध्ये (१९७९) ही तपासणी थेट संगीत नाटकाच्या वारशाशी भिडते. एकेकाळी नाटक मंडळीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे आता श्यामरावाच्या धाकाखाली उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर या दोन कारकुनांच्या कल्पनासृष्टीत तो नलावडेबाई होऊन शिरतो. विवाह होतो, डोहाळेही लागतात. नाट्यपदांच्या ओढीने प्रेक्षकही कारकुनांबरोबर त्या संसारात रमतो. पुढे श्यामराव तो निर्दयपणे उधळून लावतो, तेव्हा उघडे पडते ते केवळ बर्व्याचे पुरुषपण नव्हे. आपलीही हौस उघडी पडते.

याच्या बारा वर्षे आधी, बालगंधर्वांच्या निधनाच्याच वर्षी, ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. तेथील सापळा अधिक सूक्ष्म आहे. मुंबईची एक हौशी मंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास येते. मुख्य प्रयोगास अवकाश असल्याने गावच्या सामंताला कोर्टाची रीत समजावी म्हणून लुटुपुटीचा खटला उभा राहतो, आणि आरोपी ठरते शिक्षिका लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. प्रेक्षक हसतो, कारण हा खेळ आहे असे त्याला सांगितलेले आहे. सुलभा देशपांडे यांची बेणारेही प्रारंभी हसतच असते.

या योजनेत सामंताचे स्थान विलक्षण आहे. राळेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सभागृहाच्या खुर्च्या लावणारा, पाहुण्यांना चहा देणारा जो भाबडा माणूस आपण नेहमी पाहतो, तोच हा. त्याला साक्षीदार केले जाते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीच्या आधारे साक्ष रचून देतो. ही रचलेली साक्ष बेणारेच्या खासगी दुःखाच्या नेमकी जवळ जाते, आणि तेथून मंडळींना सावजाचा वास लागतो. म्हणजे सत्य उघड होते ते असत्याच्या तोंडून. आणि ते वदवून घेतले जाते प्रेक्षकवर्गातल्याच एका निष्पाप माणसाकडून. पिरान्देल्लोच्या ‘सहा पात्रे’ नाटकात (१९२१) भ्रम व वास्तव यांचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर राहतो. तेंडुलकरांकडे तो एका गरोदर, अविवाहित स्त्रीच्या नोकरीचा आणि तिच्या गर्भाचा प्रश्न होतो. ज्या प्राध्यापक दामल्यांचा तिच्याशी संबंध, ते अनुपस्थित असतात. त्यांना कोणी आरोपी करीत नाही. समीक्षेत बेणारेच्या स्वगताची चर्चा पुष्कळ झाली. दामल्यांच्या या सोयीस्कर गैरहजेरीची त्या मानाने कमी झाली.

तेंडुलकरांच्याच ‘मी जिंकलो मी हरलो’चा नागपुरातील प्रयोग पाहून याच यवतमाळ जिल्ह्यातील पारव्यास जन्मलेले महेश एलकुंचवार नाट्यलेखनाकडे वळले, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

‘शांतता!’मधील खटल्याचा निकाल लागतो. गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. बाहेरून लागलेली कडी मात्र अजून उघडलेली नसते. ती उघडते शेवटी, गावचे लोक रात्रीच्या प्रयोगासाठी येतात तेव्हा. दारातून डोकावून ते कार्यक्रम सुरू झाला का, अशी चौकशी करतात. मंडळी लगबगीने तयारीला लागते. बेणारे तशीच पडून असते.