खुब्याची कैफियत

१९३५ साली बॉस्टन येथील एंजेल मेमोरियल या प्राण्यांच्या इस्पितळातील पशुवैद्य गेरी श्नेल यांनी अमेरिकन केनेल क्लबच्या नियतकालिकात कुत्र्यांच्या काही नव्या रोगांविषयी एक लेख लिहिला, आणि त्यात, इतर तपशिलाच्या ओघात, मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत पुरता न बसता दोन्ही बाजूंना अर्धवट निसटलेला राहतो अशा एका व्यंगाची नोंद केली. त्या वेळी हा प्रकार विरळा समजला गेला. पण पुढील पंचवीस-तीस वर्षांत जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, सेंट बर्नार्ड अशा भारी देहाच्या जातींत तो इतक्या ठिकाणी निघू लागला, की निर्दोष खुबा हाच विरळा म्हणावा अशी काही पैदासकारांची अवस्था झाली. रोग एकाएकी फैलावला होता असे नव्हे. राँटगेनने १८९५ साली शोधलेले क्ष-किरण पशुवैद्याच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचले होते, आणि आजवर जे ‘म्हातारपण’, ‘वात’, ‘कमरेतली लचक’ अशा मोघम नावांखाली खपून जात असे, त्याला आता रूप आणि पुरावा दोन्ही मिळाली होती. हिप डिस्प्लेजिया हे नाव त्याला मागाहून चिकटले.

या विकाराची कुळकथा मोठी विलक्षण आहे. श्नेल यांनी त्याला जन्मजात म्हटले होते. परंतु पशुवैद्य वेन रायझर यांनी पुढे पिल्लांच्या खुब्यांचे जन्मापासून जे निरीक्षण केले, त्यातून असे निष्पन्न झाले की पिल्लू सांधा घेऊन जन्मते तो निर्दोषच. दोष शिरतो तो पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत, जेव्हा हाडे झपाट्याने वाढतात, देहाचा भार त्याहूनही झपाट्याने वाढतो, आणि सांध्याला आवळून धरणारे स्नायू व बंध मात्र मागे पडतात. सांधा सैल राहतो, माथा उखळीच्या काठावर घासू लागतो, कूर्चा झिजते, आणि झिजलेल्या जागी शरीर आपल्या परीने डागडुजी म्हणून हाडाचे खडबडीत थर चढवू लागते, ज्यांनी सांधा स्थिर होतो खरा, पण आखडतोही. म्हणूनच या दुखण्याला दोन ऋतू असतात. पाच-सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचे पिल्लू दुखऱ्या खुब्याने धावताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलते. नंतर सांध्याभोवतीचे वेष्टन जाड होऊन ते बरे झाल्याचा भास होतो. आणि मध्ये चार-सहा वर्षे निर्वेध गेल्यावर उतारवयात संधिवात बनून तेच दुखणे पुन्हा दारात उभे राहते. मधल्या काळात मालक निश्चिंत असतो, आणि कुत्रा बहुधा लठ्ठ होत असतो.

मोठ्याच कुत्र्यांच्या वाट्याला हे का यावे, याचे उत्तर पैदाशीच्या इतिहासात शोधावे लागते. घोडदळाचे माजी कप्तान मॅक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ साली कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात होरांड नावाचा मेंढपाळी कुत्रा पसंत करून विकत घेतला व त्याच्यापासून जर्मन शेफर्ड या जातीची वंशावळ सुरू केली, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे दिवसभर कळपाभोवती न थकता दुडक्या चालीने फिरणारा कामकरी प्राणी होता. पुढे प्रदर्शनांच्या रिंगणात गुणांचे मोजमाप बदलले. रूप, भरदारपणा, पाठीचा ढाळ यांना भाव आला, आणि एखाद्या नामांकित नराचा वंश शेकडो वेतांतून पसरला, तेव्हा त्याच्या गुणांबरोबर त्याचे अवगुणही पसरले. याच्या उलट ग्रेहाऊंडसारख्या, केवळ धावण्यासाठी घडवलेल्या सडपातळ शिकारी जातींत हा विकार जवळजवळ आढळत नाही. आपल्या दख्खनच्या माळावर सशामागे सुटणारा कारवानी, ज्याच्या एका शाखेला मुधोळच्या घोरपड्यांनी राजाश्रय दिला, तो याच बांध्याचा, लांब पायांचा नि आत ओढल्या पोटाचा. आपल्याकडे या दुखण्याचा बोभाटा झाला तो अल्सेशियन, म्हणजे हाच जर्मन शेफर्ड, आणि लॅब्रॅडोर साहेबांच्या बंगल्यांतून, संस्थानिकांच्या वाड्यांतून, पोलिसांच्या श्वानपथकांतून उतरत उतरत सदनिकांत येऊन राहिल्यावर. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून ज्या मुंबईत पारशी मंडळींनी दंगा केला आणि दोनच वर्षांनी जेथे पांजरपोळ उभी राहिली, त्या मुंबईत १८८६ साली परळला पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले हे खरे. परंतु सरकारी गरजेप्रमाणे त्याचे पहिले लक्ष घोड्यांकडे आणि गुरांकडे राहिले, आणि कुत्र्याच्या खुब्याची चौकशी करावी अशी फुरसत तेथे कोणाला होती असे वाटत नाही.

चौकशी पद्धतशीर झाली ती प्रथम स्वीडनमध्ये, जेथे लष्कराला कामाचे कुत्रे हवे होते आणि ऐन उमेदीत लंगडणारा कुत्रा पोसणे परवडत नव्हते. नोरबर्ग, ओल्सन प्रभृतींनी तेथे क्ष-किरण चित्रावर कोन मोजून उखळीतील बैठक आकड्यात मांडण्याची रीत बसवली. १०५ अंशांच्या खाली कोन गेला की शंका घ्यावी, असा त्यांचा दंडक. अमेरिकेत हे काम एका दारूगोळ्याच्या कारखानदाराने अंगावर घेतले. जॉन ऑलिन यांना लॅब्रॅडोरचा अतोनात शोक. त्यांच्या किंग बक या काळ्या कुत्र्याने १९५२ व १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. आपल्याच श्वानशाळेतील उत्तमोत्तम वंशांत हा दोष मुरलेला पाहून त्यांनी पुढाकार घेतला, आणि १९६६ साली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था निघाली. कुत्र्याला गुंगी देऊन उताणे निजवायचे, दोन्ही मागचे पाय सरळ ताणून गुडघे आत वळवायचे, चित्र काढायचे, आणि ते तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहून ‘उत्कृष्ट’पासून ‘तीव्र दोष’पर्यंत सात प्रतींपैकी एक ठरवायची, असा तिचा शिरस्ता. दोन वर्षांहून लहान कुत्र्याला १९७४ पासून कायम दाखला मिळेनासा झाला. इंग्लंडमध्ये पुढे प्रत्येक खुब्याला शून्यापासून ५३ पर्यंत दोषांक देण्याची पद्धत आली, म्हणजे दोन्ही मिळून १०६. आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी सांधा किती सैल पडतो हे ताण देऊन मोजण्याची युक्ती काढली, ज्यामुळे चार महिन्यांच्या पिल्लाविषयीही काही अंदाज बांधता येऊ लागला.

या दाखल्यांनी काम केले नाही असे कोण म्हणेल? अंधांचे वाटाडे तयार करणाऱ्या न्यू जर्सीच्या ‘द सीइंग आय’ या संस्थेने आपल्या कळपात कसोशीने निवड केली, तेव्हा पाचाहूनही कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डमधील दोषाचे प्रमाण शेकडा ५५ वरून २४ वर आणि लॅब्रॅडोरमधील ३० वरून १० वर आले. परंतु ही किमया एकाच मालकाच्या, एकाच शिस्तीच्या दफ्तरात साधते. दोष अनेक जनुकांचा, आणि त्यात आहाराची भर. तेव्हा दोन निर्दोष मायबापांच्या पोटीही सदोष पिल्लू निपजते, आणि ते ज्याच्या घरी जाते त्याला त्या सनदांचा उपयोग तो काय? किंबहुना, या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट सहज दृष्टीआड झाली. दाखला पुढच्या पिढीसाठी होता. ज्याचे चित्र काढले त्या कुत्र्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता. चित्र वाईट निघाले की कुत्रा पैदाशीतून बाद, आणि पुष्कळदा जगण्यातूनही. अनुभव मात्र निराळे सांगत होता. ज्याच्या उखळीचे नुसते अवशेष उरले आहेत असे दिसावे, तो कुत्रा चेंडूमागे धावताना आढळे, आणि ज्याचे चित्र अगदी सौम्य, तो जिना चढताना कण्हत असे. हाडाची सावली आणि प्राण्याची वेदना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही साधी बाब मान्य व्हायला वैद्यकाला जवळजवळ अर्धशतक लागले.

शस्त्रवैद्यांनी आपल्या परीने मार्ग काढले. दुखरा माथाच कापून काढावा व त्या जागी तंतुमय खोटा सांधा बनू द्यावा, ही माणसाच्या क्षयग्रस्त खुब्यावरची जुनी रीत १९६१ साली स्प्रुल यांनी कुत्र्यांसाठी मांडली. हलक्या कुत्र्यांना ती मानवते, जड कुत्र्यांना तितकीशी नाही. मांडीच्या आतला एक ताठरलेला स्नायू छेदण्याचीही काही काळ चलती होती. त्याने झीज थांबली नाही, पण कुत्रे काही महिने बरे चालत, म्हणजे वेदना चित्राहून वेगळी असते याचा तो एक अनाहूत पुरावाच होता. १९७४ च्या सुमारास संपूर्ण कृत्रिम खुबा बसवण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यांवर उपचार म्हणून होऊ लागली. माणसाच्या कृत्रिम खुब्याचे कित्येक प्रयोग आधी निरोगी कुत्र्यांवरच झाले होते, हे येथे नमूद करून ठेवले पाहिजे.

औषधांचा इतिहास अधिक खेदकारक आहे. वेदना असली म्हणजे प्राणी हालचाल कमी करतो आणि जखम लवकर भरते, तेव्हा ती शमवण्याची घाई नको, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जात असे. कोलोरॅडोतील तत्त्वज्ञ बर्नार्ड रॉलिन यांनी या वृत्तीवर १९८९ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. ॲस्पिरिन आणि फेनिलब्युटाझोन यांवर वेळ मारून नेली जाई. दीर्घकाळ देता येईल असे कार्प्रोफेन अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाले, आणि त्याच घराण्यातले मेलॉक्सिकॅम आपल्याकडे रुळले. या दुसऱ्या औषधाची आपल्या देशातली प्रतिष्ठा मात्र कुत्र्यामुळे वाढलेली नाही, गिधाडांमुळे वाढली. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली, आणि त्याच्या जागी गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम सुचवले गेले. घरोघरी आजोबांच्या गुडघ्यांसाठी आणलेली डायक्लोफेनॅकची किंवा आयबुप्रोफेनची गोळी दयाबुद्धीने लंगड्या कुत्र्याला देण्याची चाल अद्याप गेलेली नाही; त्या दयेने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि विष्ठा काळी होते.

सर्वांत स्वस्त औषध सर्वांत उशिरा हाती आले. १९८७ साली अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी लॅब्रॅडोरची ४८ पिल्ले घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्याहून शेकडा २५ कमी अन्न जन्मभर दिले. खाद्य विकणाऱ्याने कमी खाण्याचा महिमा सिद्ध करावा यात काव्यगत न्याय आहे. पोटभर खाणाऱ्यांपैकी निम्म्यांना १०.३ वर्षांच्या वयापर्यंत संधिवाताचा कायम उपचार लागला. मोजके खाणाऱ्यांत तीच वेळ १३.३ वर्षांवर गेली. आयुष्याची मध्यमाही ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेली. आपल्याकडे कुत्र्यावरचे प्रेम तूप लावलेल्या पोळीत मोजले जाते, आणि लॅब्रॅडोर ते मोजमाप कधीही नाकारीत नाही. तेव्हा हे आकडे मराठी घरात सांगताना वैद्याला बराच संकोच पडत असावा.

घराच्या जमिनीचाही येथे विचार केला पाहिजे. सारवलेल्या ओसरीवर किंवा खरबरीत शहाबादीवर कुत्र्याची नखे रुततात. काचेसारख्या गुळगुळीत फरशीवर मात्र तो उठू पाहतो तेव्हा पुढचे दोन पाय रोवून धड ओढून घेतो, आणि मागचे पाय बाजूंना फाकत जातात, ज्याने सैल सांध्यावर नेमका नको तोच ताण येतो. पायाखाली सतरंजीचा किंवा रबरी चटईचा पट्टा, जिन्याऐवजी उतार, धावण्याऐवजी पट्ट्याला धरून संथ चालणे, शक्य असेल तेथे पोहणे: या गोष्टींना औषधाइतके मोल आहे हे मालकांनी आधी ओळखले आणि वैद्यकाने मागाहून मान्य केले.

मालकाला साक्षीदार मानण्याचा प्रघातही असाच उशिरा पडला. सकाळी उठताना किती वेळ लागतो, मोटारीत उडी मारतो का, खेळायला आपण होऊन येतो का, असे प्रश्न पद्धतशीर मांडून उत्तरांना गुण देण्याची वेदनामापक यादी हेलसिंकी विद्यापीठात तयार झाली, आणि २००७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात तशीच दुसरी. इस्पितळाच्या टेबलावर भीतीने ताठ झालेला कुत्रा जे लपवतो, ते घरच्या माणसाला ठाऊक असते, हे यातून प्रथम कागदावर आले. अर्थात साक्षीदारही मोहातीत नसतो. निरुपयोगी गोळी दिलेल्या गटातही निम्म्याहून अधिक मालकांना कुत्रा सुधारल्याचे वाटले, आणि जमिनीत बसवलेल्या, पावलाचा भार मोजणाऱ्या पट्टीने मात्र तसे काही दाखवले नाही, असेही आढळून आले. वेदनेचा संदेश नेणाऱ्या द्रव्यालाच निष्प्रभ करणारी, महिन्यातून एकदा द्यायची बेडिनव्हेटमॅब ही सुई अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली. तिच्या गुणदोषांचा निवाडा अद्याप व्हायचा आहे, आणि तो करताना मालकाची जबानी व पट्टीचा आकडा, दोन्ही समोर ठेवावी लागत आहेत. जाणते पशुवैद्य यावर एक सुटसुटीत तोड काढतात: तपासणीला येण्याआधी कुत्रा सकाळी झोपेतून उठताना आणि नेहमीच्या वाटेने चालताना मोबाइलवर टिपून आणावा, औषध सुरू केल्यावर महिन्याने त्याच वेळी, त्याच फरशीवर पुन्हा टिपावा, आणि दोन्ही एकापुढे एक लावून पाहावे.